छातीतलं पाणी

देवरावभाऊंचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात समास शिकवत होतो. शाळेत असताना मी फोन घेत नाही, पण गेली काही वर्षं त्यांचा फोन मात्र कधी चुकवला नव्हता. फळ्याकडे तोंड करूनच मी तो कानाला लावला. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमची बाई गेली." मग जरा थांबून, मी काही विचारलं असावं तसं, "चहा ठेव म्हणे. मी ठेवला जी… कप घेऊन आलो तं…"

ब्रह्मपुरीहून नागभीडला मी मोटारसायकलने गेलो. धानाची कापणी आटोपली होती, शेताच्या रिकाम्या बांध्यांमधून पेंढ्यांचे पुंजणे उभे होते, मध्येच कुठे मळणीचं यंत्र धूळ उडवत होतं. वाटेत कोण भेटलं, कोणाला हात केला, आठवत नाही. बाई जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तिला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तरी त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता… जाताना ती बुडाली तर नाही ना? खाटेवर बसलेलं माणूस कसं बुडेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या घराने ते एकदा पाहिलं होतं, आणि बाईचं सगळं आयुष्य त्या एका पाहण्यातून निघालं होतं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, कुसुम; देवरावभाऊ तिचे यजमान. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. वडील नागभीड जंक्शनवर गँगमन होते. रुळाला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. छोट्या लाईनची गाडी गेली की भांडी थरथरायची. आई फार हसरी होती असं सगळे सांगतात. मला मात्र तिची धापच जास्त आठवते. विहिरीवरून पाण्याची गुंडी आणताना ती तीनदा टेकायची. पाय सुजायचे. गाल लालबुंद दिसायचे, आणि शेजारणी म्हणायच्या, तब्येत चांगली आहे हो तुमची. सगळे म्हणत तिला दमा आहे. वैदूचा पाला झाला, धूर झाला, देवीचा अंगारा नको म्हणणाऱ्या माझ्या वडिलांनी शेवटी तोही आणला.

आई गेली तो दिवस बाईने पूर्ण पाहिला. मी लहान होतो, मला दारात मावशीच्या मुलीपाशी बसवून ठेवलं होतं. बाई सातवीत होती. आई उठून बसायची आणि बायका तिला परत निजवायच्या. प्रेमानेच निजवायच्या. "नीज वं, किती तगमग करतं, अंगात जीव नाई राह्यला तुह्या," असं म्हणत मावशी तिचे खांदे धरून तिला उशीवर टेकवायची. आई पुन्हा कोपरावर उठायची. तोंडाला फेस आला होता. मग तिने उठणं सोडलं, आणि मावशी म्हणाली, "लागला एकदाचा डोळा."

पुढे बाई चंद्रपूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी गेली. पहिल्याच वर्षी सुट्टीत घरी आली. दुसऱ्या दिवशी मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेली आणि म्हणाली, "आईले दमा नव्हता रे. तिच्या हृदयाची झडप खराब होती. तशी झडप असली का रक्त मागं तुंबते, अन् फुफ्फुसात पाणी उतरते. आडवं झालं का ते पाणी सगळीकडं पसरते. ती उठून बसत होती ना, ते बरोबर करत होती. तिले कळत होतं. आपण तिले निजवलं…" एवढं बोलून ती पाण्याकडे बघत बसली. पलीकडे ढिवरांची माणसं जाळं ओढत होती. मी तेव्हा सहावीत होतो. मला तिचं सगळं समजलं नाही, पण "आपण निजवलं" यातला 'आपण' मात्र मी आजपर्यंत विसरलेलो नाही. खरं तर तिने काहीच केलं नव्हतं. कोपऱ्यात उभी राहून पाहिलं होतं फक्त.

नोकरीची पहिली कितीतरी वर्षं ती गडचिरोलीच्या जंगलात, आलापल्लीच्या बरीच पुढे, एका आरोग्य केंद्रात होती. तिथली माणसं तिला 'जोहार' म्हणत आणि ती 'जयभीम' म्हणे, आणि दोन्हीकडून हसणं होई. थोडी गोंडी शिकली. मी एकदा मे महिन्यात तिच्याकडे राहिलो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर आणलं. त्याची छाती दुरूनच वाजत होती, हंड्यात पाणी उकळावं तशी. बाईने धावत जाऊन आधी त्याला उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले, पाठीमागे स्वतः बसली आणि त्याला आपल्या अंगावर टेकवून घेतलं. लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची नळी लावली. यापेक्षा जास्त काही तिच्यापाशी नव्हतं. मोठ्या दवाखान्याची जीप यायची होती. म्हातारा 'येर, येर' म्हणत होता. येर म्हणजे पाणी. मला वाटलं त्याला तहान लागली आहे, मी तांब्या आणला. बाई म्हणाली, "मागत नाई तो. सांगून राह्यला." जीप आली तेव्हा तो तिच्या अंगावर टेकूनच गेलेला होता. तिने त्याला लगेच खाली ठेवलं नाही. चौघेही समोर उकिडवे बसून राहिले, आणि बाई त्याला धरून.

शेवटच्या काही वर्षांसाठी तिची बदली घराजवळ, शेजारच्या तालुक्याच्या एका रुग्णालयात झाली. देवरावभाऊ तेव्हा एसटीत चालक होते. ते नागपूर-सिरोंचा अशा लांबच्या फेऱ्या करून आलेले असत आणि बाई कामावर निघालेली असे. प्रज्ञा, त्यांची एकुलती मुलगी, म्हणायची, आमच्या घरात आईबाबा कधी एकत्र दिसले तर समजायचं आज कोणाचं तरी लग्न आहे. त्याच रुग्णालयात कोरोनाच्या काळात श्वासाची यंत्रं आली. साधारण टिफिनच्या डब्याएवढं यंत्र, त्याला एक लवचीक नळी, आणि नळीच्या टोकाला नाकतोंड झाकणारा मास्क. घशात काही घालायचं नाही, भूल द्यायची नाही. यंत्र मास्कमधून हवा जोराने आत ढकलत राहतं. साथ ओसरल्यावर साताऱ्याकडून एक तरुण डॉक्टरीण तिथे आली, मृणालमॅडम. तिने बाईला सांगितलं की हे यंत्र हृदयाच्या रुग्णांनाही चालतं. छातीत पाणी भरलं की हवेचा हा दाब फुफ्फुसं उघडी धरतो, हृदयावरचा ताणही थोडा कमी करतो, आणि तेवढ्या वेळात औषध आपलं काम करतं.

बाईने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. फोनवर म्हणाली, "आज एक बाई आली होती रे, अगदी आईसारखी. गाल लाल. फेस आलेला. मास्क लावला, इंजेक्शनं दिली, अन् सांजच्याले ते मले म्हणते, सिस्टर, चपाती भेटन काय?" ती हसली. आम्हा दोघांनाही आईच आठवत होती आणि दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवणार नव्हतं.

सगळ्यांना मास्क मानवायचा असं नाही. जीव गुदमरत असताना तोंडावर घट्ट काही बांधलं की माणूस घाबरतं, ओरबाडून काढतं. बाईचा हात यात तरबेज झाला होता. ती मागून पट्टे आवळायची, रुग्णाचे हात धरून ठेवायची आणि म्हणायची, घाबरू नका, काही होत नाही. मास्क काढू द्यायचीच नाही. त्यातून माणसं वाचत होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते पाणी तिच्या स्वतःच्या छातीत उतरलं. साखर आणि रक्तदाब तिला होताच. हृदयाचा झटका कधीतरी न कळत येऊन गेला होता आणि हृदयाचा बराचसा भाग निकामी झाला होता, हे नंतर कळलं. एका सकाळी अंगण झाडताना ती केरसुणी टाकून खाली बसली. देवरावभाऊंनी शेजाऱ्याची गाडी काढली आणि तिला थेट तिच्याच जुन्या रुग्णालयात नेलं. मी पोहोचलो तेव्हा आत झटापट चालली होती. बाईने जिला मास्क लावायला शिकवलं होतं तीच तरुण सिस्टर मागून पट्टे आवळत होती, आणि माझी बहीण, जिने आयुष्यभर माणसांना शांत केलं, ती दोन्ही हातांनी मास्क उपटत होती. डोळे फाटलेले. तिने मृणालमॅडमच्या हातावर जोरात फटका मारला. मास्क सुटला. देवरावभाऊ भिंतीला धरून उभे होते, त्यांच्या तोंडून नुसतं "कुसुम, कुसुम" निघत होतं.

मृणालमॅडमने मग सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पट्टे सोडले. बाईच्या अगदी समोर बसून, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवून ती म्हणाली, "सिस्टर, कोणी बांधणार नाही. हा घ्या, तुमच्या हातात. तुम्हीच धरा. नको वाटला की लगेच काढा." बाईने मास्क हातात घेतला, नाकाशी नेला, काढला. पुन्हा नेला. पुन्हा काढला. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो तिने स्वतःच दाबून धरला, आणि यंत्राच्या हवेबरोबर तिची छाती उचलली गेली. काही वेळाने तिने मान हलवली तेव्हा कुठे पट्टे बांधले. दुपार उलटेपर्यंत ओठांचा निळेपणा गेला होता.

बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "मास्तर, मले सगळं मालूम होतं. यंत्र काय करते, कसं करते, सारं. तरी असं वाटलं का कोणीतरी तोंडावर उशी दाबून राह्यलं. मी इतक्या लोकाइले म्हटलं, घाबरू नका. त्याइले कसं वाटलं असन रे?" मी म्हटलं, अगं, तुझ्या त्या आवळण्यानेच तर वाचले ते. ती म्हणाली, "वाचले ना. पण घाबरतच वाचले."

त्यानंतर तिने मृणालमॅडमकडून परवानगी काढली. असा रुग्ण दिवसा आला की तिथली सिस्टर बाईला फोन करायची, आणि तब्येत बरी असली तर बाई जायची. देवरावभाऊ निवृत्त झाले होते. तेच गाडीवर मागे बसवून न्यायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली वर्तमानपत्र वाचत बसायचे. आत बाई रुग्णाच्या समोर स्टूल घेऊन बसे. मी एकदा पाहिलं आहे. मोहर्लीकडची एक प्रौढ बाई होती, सफारीच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारी, घामाने निथळत होती, मास्क तोंडाजवळ येऊ देत नव्हती. माझ्या बहिणीने मास्क तिच्या हातात ठेवला. "हे पाह्य, माह्याबी तोंडावर होता हा. मीबी अशीच भांडली. या मॅडमले मारलं मी, विचार तिले." त्या तशा अवस्थेतही त्या बाईने मृणालमॅडमकडे पाहिलं. मॅडमने मान डोलावली. "आता नाकापाशी ने. हवा येते का? जोरानं येते ना? येऊ दे. भांडू नको तिच्याशी. काढ. काढलास? पाह्य, कोणी रागावलं काय? आता पुन्हा ने." असं ती बोलत राहिली, गाईला चुचकारावं तसं. तिची पद्धत एवढीच होती. मृणालमॅडमने एकदा तिच्यासाठी केलं, ते ती इतरांसाठी करत राहिली. पुढे तिथल्या सगळ्याच सिस्टर तसंच करू लागल्या, आणि मग बाईला बोलावण्याची गरज हळूहळू कमी झाली. याचं तिला थोडं वाईट वाटलं, आणि तसं वाटतं म्हणून ती स्वतःवरच हसायची.

त्या पावसाळ्याबद्दल लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. देवरावभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "लिहा जी. माह्याबी रागाचं लिहा."

त्या वेळी बाईला दुसऱ्यांदा तसाच मोठा त्रास झाला होता. सकाळपासून ती यंत्रावर होती, औषधाने लघवी चांगली झाली होती, धाप बरीच कमी झाली होती. बाहेर झड लागलेली. नाल्यांना पूर आल्यामुळे नागपूरकडचा रस्ता बंद होता. दुपारी एक ट्रॅक्टर आला, आणि ट्रॉलीत धानाच्या तणसावर, ताडपत्रीखाली, एक माणूस आडवा निजवलेला होता. सोमाभाऊ, जवळच्या तलावकाठच्या गावचा ढिवर, साठीतला. बायको सोबत होती. लुगडं चिंब, आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलेलं. त्याच्या छातीतून तोच आवाज येत होता. त्या दिवशी रुग्णालयात चालू यंत्र एकच होतं, दुसरं दुरुस्तीला गेलेलं. ते एक बाईच्या तोंडावर होतं.

मृणालमॅडम यंत्र मागायला आमच्याकडे आली नाही. ती सोमाभाऊला बसवून, इंजेक्शनं देऊन, साध्या ऑक्सिजनवर त्याचं भागतं का ते बघत होती. भागत नव्हतं. हे बाईला पलीकडच्या खाटेवरून दिसत होतं, आणि तिच्याइतकं ते तिथे कोणालाच दिसत नसेल. तिने पट्टा सैल केला. देवरावभाऊंनी तिचा हात धरला. "काऊन काढून राह्यली? थांब. डॉक्टर सांगतीन तवा काढजो." तिने मास्क उचलून म्हटलं, "मॅडमले बोलवा."

मृणालमॅडमने तिची छाती तपासली, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा पाहिला, आणि सरळ सांगितलं, "तुम्ही आता साध्या ऑक्सिजनवर राहू शकाल असं मला वाटतं. पण खात्री देता येणार नाही. पुन्हा वाढलं तर…" बाई म्हणाली, "वाढलं तं परत मागीन." त्यावर देवरावभाऊंचा तोल गेला. हा शांत माणूस मी कधी आवाज चढवताना पाहिला नव्हता. "तू काय देव हायस काय? घरी आम्ही हाओत ना! त्याइले बायको हाय, तं मी कोण हाव?" ते सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. सोमाभाऊच्या बायकोने मान खाली घातली. ती काही मागत नव्हती, हे सांगायला हवं. तिने एका शब्दाने काही मागितलं नाही.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि दोन श्वासांच्या मधून, तुटक तुटक म्हणाली, "निजवून आणला हो त्याले… ट्रॉलीत… निजवून…"

देवरावभाऊंना आमच्या आईची गोष्ट माहीत होती. त्यांनी हात सोडला. पण ते तिथे थांबले नाहीत, बाहेर पावसात जाऊन उभे राहिले.

नवा मास्क जोडून यंत्र सोमाभाऊला लावलं. त्यानेही झटापट केली. बाईला आता बोलणं परवडणारं नव्हतं. ती खाटेवर पाय सोडून बसली, आणि स्वतःचा पंजा नाकासमोर धरून, काढून, पुन्हा धरून त्याला दाखवत राहिली. त्याची नजर तिच्यावर खिळली. तो तिच्या हाताबरोबर मास्क धरू लागला. तिचा स्वतःचा श्वास वाढत होता, घाम फुटला होता. मी तिच्या पाठीशी बसलो आणि तिला अंगावर टेकवून घेतलं. तिच्या पाठीतली प्रत्येक ओढ माझ्या छातीला कळत होती. मृणालमॅडम दोन्ही खाटांच्या मध्ये उभी होती, एकीकडे बघे, दुसरीकडे बघे. त्या दुपारी तिचं वय मला एकदम वाढल्यासारखं वाटलं. एकदा तर तिने यंत्राकडे हातही नेला. बाईने मान हलवून नाही म्हटलं. दुसरं इंजेक्शन दिलं. मग कधीतरी बाईच्या पाठीची ओढ कमी झाली… सोमाभाऊचीही झाली. दोघंही त्या दिवशी वाचले. तसं झालं नसतं तर मी हे आज कोणत्या तोंडाने लिहिलं असतं, मला माहीत नाही.

देवरावभाऊ त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवण वाढत, औषधं देत, पाय चेपून देत, पण बोलत नसत. शेवटी एकदा बाईनेच विचारलं, "किती दिवस राग धरसान जी? माह्यापाशी फार दिवस नाईत." ते म्हणाले, "म्हणूनच तं." एवढं बोलून ते रडले, आणि मग घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

तिच्यापाशी खरंच फार दिवस नव्हते. हृदय दर महिन्याला थोडं थोडं मागे हटत होतं. प्रज्ञाला तिला मोठ्या शहरात न्यायचं होतं. बाईने मृणालमॅडमला समोर बसवून विचारलं, तिथे नेऊन काय वेगळं होईल, आणि मॅडमने लपवलं नाही. तेव्हा बाई घरीच राहिली. मीठ सोडलं, पाणी मोजून प्यायची, आणि अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. मी दर रविवारी जायचो. ती मला विद्यार्थ्यांच्या चुका विचारायची आणि मनापासून हसायची. शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे निघताना मी म्हटलं, येतो बाई. ती म्हणाली, "हेल्मेट घाल." आमचं शेवटचं बोलणं हे. यापेक्षा मोठं काही बोलायला हवं होतं असं मला आधी वाटायचं, आता वाटत नाही.

तो फोन आला त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा मृणालमॅडम माझ्या आधी येऊन बसली होती. बाईला अजून हलवलेलं नव्हतं. देवरावभाऊ मॅडमला विचारत होते, पुन्हा पुन्हा तेच, "तिले तरास झाला असन काय? मी आत होतो जी चहापाशी. आवाज तं काईच नाई आला." मॅडमने त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊ, छातीत पाणी नव्हतं. हृदयाचा ठोका एकदम थांबला. त्यांना कळलंही नसेल. श्वास कोंडला असता तर तुम्हाला आवाज आला असता." देवरावभाऊंनी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग विश्वास ठेवला. मीही ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. त्रिशरण, पंचशील झालं. बाईच्या जुन्या सिस्टर आल्या होत्या. सोमाभाऊ बायकोसोबत आला, मागे बसला. बोलायला बोलावलं तेव्हा उठला, हात जोडले, म्हणाला, "मले बोलता येत नाई," आणि परत बसला. जाताना त्याची बायको देवरावभाऊंपाशी थांबली. "भाऊ, तवा तुमी रागावले होते ना, ते बरोबर होतं. मीबी रागावली असती." देवरावभाऊ म्हणाले, "जेवून जाजो." इतकंच. पण त्यांनी त्या दोघांना स्वतः वाढलं.

आता काही आठवडे झाले. प्रज्ञा आपल्या घरी परत गेली. देवरावभाऊ एकटेच असतात. परवा दुपारी ते अचानक ब्रह्मपुरीला माझ्या दारात उभे राहिले. जेवले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग संकोचून म्हणाले, "मास्तर, मले झोप नाई लागत. दोन वर्सं झाली, मी तिच्या श्वासाकडं कान ठेवून झोपत होतो. जरा बदलला का मले जाग येत जाय. आता घरात काई आवाजच नाई जी. सारं चुप्प. त्या चुपनंच जाग येते. मी इथी पडू काय थोडासा?"

मी आतल्या खोलीत दोन अंथरुणं घातली. ते भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांची पाठ ताठ होती, झोप नव्हती, हे मला दिसत होतं. मी त्यांच्या शेजारी आडवा झालो, डोळे मिटले, आणि जरा मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असा, श्वास घेत राहिलो.